कुलपाआडचे मत

१९५१ सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला प्रारंभ झालेला होता. हिमाचलातील चिनी खोऱ्यात बर्फ पडून वाटा बंद होण्याच्या आत मतदान उरकावे म्हणून तिकडचे लोक २५ ऑक्टोबरलाच मत देऊन मोकळे झाले होते. आपल्या मुंबई राज्याची पाळी मात्र पुढच्या जानेवारीत यायची होती. अशा दिवसांत, नोव्हेंबरच्या मध्यास, ठाण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटांच्या हुकुमावरून एका गृहस्थांना प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटक झाली. त्यांचे नाव शामराव विष्णु परुळेकर.

ठाणे जिल्ह्यात, मग तो डहाणू-तलासरीचा जंगलपट्टा असो की भिवंडी-कल्याणकडचा सखल भाग, हे नाव त्या काळी सर्वांच्या कानांवर होते. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या शिस्तीत वाढलेले हे गृहस्थ १९३८ साली खोतीविरुद्धच्या शेतकरी मोर्च्यात डॉ. आंबेडकरांच्या बरोबर चालले आणि पुढे कम्युनिस्ट झाले. १९४५ च्या जानेवारीत महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन टिटवाळ्याला भरले. भिवंडीला लागून असलेल्या टेमघरासारख्या गावाहून टिटवाळा काही कोसांवर. त्या अधिवेशनाला काही वारली जंगलातून आले होते. त्यांनी आपली वेठ आणि लग्नगडीची कथा सांगितली. लग्नासाठी सावकाराकडून चार रुपये घ्यायचे आणि नवराबायकोने जन्मभर त्याच्या घरी राबायचे, असा तो प्रकार. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावी हजारो वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. शामराव आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई यांनी या चळवळीला वाहून घेतले. चळवळीच्या काळात सरकारने दोघांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपारही केले. ती सारी हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे, तेव्हा येथे ती वाढवीत नाही.

आपला विषय जरा निराळा आहे. देशभर सतरा कोटींच्यावर मतदारांची यादी तयार झालेली, आणि हा मनुष्य गजाआड. त्याच्यावर खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षा नाही. सरकारला वाटते की हा बाहेर असणे बरे नाही, एवढेच कारण. सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांचा अर्ज गेला, आणि १९५२ च्या मे महिन्यात तो फेटाळला गेला. तोपर्यंत निवडणुका होऊन, नवी लोकसभा भरून, मंत्रिमंडळेही बसली होती. मग असल्या माणसाच्या मताचे काय? मत गेले, असे कोणीही म्हणेल. कायदा तसे म्हणत नाही.

त्याच वर्षी संसदेने लोकप्रतिनिधित्वाचा कायदा केला. त्याच्या ६२ व्या कलमाचे पाचवे पोटकलम असे, की जो मनुष्य कारावासाची किंवा काळ्या पाण्याची शिक्षा भोगत असल्यामुळे अथवा अन्य कारणाने तुरुंगात असेल, किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असेल, त्याने कोणत्याही निवडणुकीत मत देऊ नये. पण त्याला लागूनच एक परंतुक आहे: प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्याला ही मनाई लागू नाही. त्याला मत देता येते, आणि पुढे नियमांनी त्याच्यासाठी टपालाची सोय केली. म्हणजे सरकारच्या दृष्टीने जो इतका धोक्याचा की त्याला कोर्टापुढे उभे करण्याचीही वाट पाहायची नाही, त्या शामरावांचे मत शाबूत. आणि बाजारात कोणाचा खिसा कापल्याच्या नुसत्या संशयावरून धरलेल्याचे मत बाद. वाचकांना हे उलटे वाटेल. मलाही वाटते. पण उलट्या गोष्टींनाही इतिहास असतो.

त्याचे मूळ विलायतेत आहे. १८७० साली तिथे एक कायदा झाला, त्याने मोठ्या गुन्ह्याबद्दल वर्षाहून अधिक शिक्षा झालेल्याचे मत शिक्षा संपेपर्यंत काढून घेतले. त्यामागची कल्पना जुनी होती: ज्याने राजाची शांतता मोडली तो नागरिक म्हणून जणू मेला. तीच कल्पना बोटीत बसून इकडे आली. १९३५ च्या कायद्यात जन्मठेप, सक्तमजुरी वा कैद भोगणाऱ्याला मत नव्हते. त्या कायद्याखाली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे तीनच कोटी. सारा भरणारे, कर भरणारे, शिकलेले. सावकाराच्या शेतावर राबणाऱ्या वारल्याला तुरुंगाची वाटही पाहावी लागत नव्हती; त्याचे मत जमिनीनेच हिरावलेले होते.

एक बारीक फरक मात्र डोळ्यांत भरतो. इंग्रजांच्या शब्दांत बंदी होती ती शिक्षा भोगणाऱ्यावर. आपल्या १९५१ च्या कायद्याने त्यात ‘अथवा अन्य कारणाने’ आणि ‘पोलिसांच्या ताब्यात’ हे शब्द घातले, आणि त्या दोन शब्दसमूहांनी ज्याचा निकाल लागलेला नाही असा कच्चा कैदी पक्क्या कैद्याच्या पंगतीला नेऊन बसवला. घटनेचे ३२६ वे कलम प्रौढ मताधिकार देताना तो काढून घेण्याची जी कारणे सांगते, त्यांत ‘गुन्हा’ हा शब्द आहे. संशय हा शब्द नाही. (जाता जाता: काळ्या पाण्याची शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने फौजदारी कायद्यातून गेली, तरी निवडणुकीच्या या पोटकलमात तो शब्द तसाच बसून राहिला. अंदमानची बोट बंद झाली, कायद्यात मात्र ती अजून नांगरलेलीच आहे.)

मग स्थानबद्धांचेच तेवढे मत का राखले? माझा तर्क असा, की त्या सभागृहात बसलेल्या मंडळींपैकी कितीतरी जण स्वतः वर्षानुवर्षे तुरुंगात काढून आलेले होते. पंडित नेहरूंचीच मिळून नऊएक वर्षे होतात. बिनचौकशीची कैद म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. विरोधकांना निवडणुकीच्या तोंडावर आत टाकून यादीतून पुसण्याचा मोह उद्याच्या कोणत्याही सरकारला होईल, हे ते ओळखून होते. पण राजबंद्याची आठवण ठेवताना त्यांना साधा चोरटा, दारूबाज, शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घालणारा मनुष्य आठवला नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यात आपले पुढारी तुरुंगात गेले तेव्हा तोही तिथेच होता, बहुधा पलीकडच्याच बराकीत.

आता हे कलम रोजच्या जगण्यात कसे चालते ते पाहू. भिवंडीजवळचे टेमघर आज पुष्कळांना ठाऊक आहे ते तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रामुळे. आजूबाजूला यंत्रमागांची वस्ती. समजा, एका कारखान्यात रात्रपाळीला दोन कामगारांची ताग्याच्या मोजणीवरून बाचाबाची झाली, एकाने दुसऱ्याला लोखंडी दांडा मारला, तिसरा सोडवायला गेला. पोलिसांनी पहिल्याला आणि तिसऱ्याला दोघांनाही धरले. दोघांनाही कोर्टाने जामीन मंजूर केला. दांडा मारणाऱ्याचा मामा गावात घर बाळगून आहे. तो ऐपतीचा दाखला घेऊन आला, सही केली, आणि भाचा त्याच संध्याकाळी घरी. सोडवायला गेलेला परप्रांतातून आलेला. भिवंडीत मतदारयादीत नाव आहे, पण जामीन राहायला कोणी नाही. ज्या खोलीत पाचजण पाळीपाळीने झोपतात त्या खोलीवर कोणता दाखला मिळणार? तो ठाण्याला किंवा कल्याणच्या आधारवाडीला रवाना होतो. पुढे मतदान आले. मामाचा भाचा रांगेत उभा राहून बोटाला शाई लावून येतो. दुसऱ्याला मत नाही. गुन्हा एकाच नंबराचा, कलमे तीच, निकाल दोघांचाही लागलेला नाही. एवढेच कशाला, ज्याला खालच्या कोर्टात शिक्षा ठोठावली गेली आहे पण अपिलात जामीन मिळाला आहे, तोही मत देऊ शकतो. म्हणजे हे कलम गुन्ह्याकडे पाहतच नाही. ते पाहते कुलपाकडे. आत आहेस की बाहेर, एवढाच त्याचा प्रश्न. आणि आत-बाहेर ठरते पुष्कळदा जामीनदाराच्या खिशावर.

ठाण्याचे हे कारागृह म्हणजे जुना किल्लाच. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये येथूनच निसटले, आणि १९१० च्या एप्रिलात अनंत कान्हेरे आणि त्यांचे दोन साथीदार येथेच फासावर गेले. पुढे त्याच तटाच्या आत भिंती वाढल्या, बराकी वाढल्या. आत मुख्यतः कच्चे कैदी. साऱ्या देशाचा हिशेब घेतला तर २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार हे कच्चे कैदी होते. शंभरात पंचाहत्तर. यातला जो मतदार असेल त्याचे नाव यादीत कायम असते. तुरुंगामुळे नाव निघत नाही. फक्त ते नाव पुकारले गेले की हजर कोणी नसते.

उलट, जे बाहेर असून पोलिसांच्या नजरेखाली असतात त्यांचे काय? इथे आपला कायदा, कबूल केले पाहिजे, पुष्कळ देशांपेक्षा उदार आहे. प्रोबेशनवर सोडलेला, जातमुचलक्यावर सुटलेला, चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून दिलेला, दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावणारा, या कोणाचेही मत जात नाही. हजेरी या शब्दाला आपल्याकडे मोठा काळा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमाती जन्माने चोर ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटीत त्यांच्याभोवती काटेरी तारा आल्या, पाटलाकडे, पोलिसाकडे रोज हजेरी आली. देशभर तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. म्हणजे पहिली निवडणूक होऊन गेली तेव्हा तो कायद्याच्या पुस्तकातून अजून गेलेला नव्हता. त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीऐवजी माणूस मोजू लागले, हा फरक लहान नाही. पण पोलिसाच्या वहीत नाव असल्याने मतदाराच्या यादीतले नाव गेले नाही, हेही खरे.

एक तडीपारी तेवढी वाकडी. १९५१ च्या पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येते, आणि निवडणूक जवळ आली की या हुकुमांना भरती येते. तडीपाराचे मत कोणी काढून घेतलेले नसते. फक्त त्याचे मतदान केंद्र त्या जिल्ह्यात असते जिथे पाऊल टाकायचे नाही. मत देण्यापुरते यायचे तर परवानगी मागायची. अर्ज करणारे फार नसावेत. पोलिसाला कळवून गावात यायचे आणि साऱ्या गल्लीसमोर पोलिसाच्या सोबतीने रांगेत उभे राहायचे, हे कोणाला रुचेल?

अमेरिकेत याच्या अगदी उलट आहे. तिथे मेन आणि व्हरमाँट या दोन राज्यांत तुरुंगातला कैदीही मत देतो. पण दुसऱ्या कित्येक राज्यांत तुरुंगातून सुटून पॅरोलवर वा प्रोबेशनवर असलेल्यालाही मत नाही. फ्लॉरिडात तर शिक्षा पुरी भोगल्यावरही मत परत मिळत नसे. २०१८ साली लोकांनी सार्वमत घेऊन ते बहुतांश गुन्हेगारांना परत दिले, आणि लगेच पुढच्या वर्षी विधिमंडळाने दंड व कोर्टखर्च भरल्याशिवाय ते नाही अशी अट घातली. तिथे मताची किंमत रोकड झाली. आपल्याकडे ती ऐपतीच्या दाखल्याची झाली आहे, एवढाच काय तो फेर.

या कलमाची खरी गंमत (गंमत म्हणावे की नाही, वाचकांनी ठरवावे) आणीबाणीनंतर दिसली. १९७७ च्या मार्चात निवडणूक झाली तेव्हा मिसाखाली ठेवलेले सारे स्थानबद्ध होते, त्यांना मताचा हक्क होता. मुंबईच्या कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस मात्र मिसाबंदी नव्हते. बडोदा सुरुंग खटल्यातले आरोपी, म्हणून कच्चे कैदी. दहा वर्षांपूर्वी स. का. पाटलांसारख्या मातब्बराला मुंबईत पाडणारे हे जॉर्ज बिहारातील मुझफ्फरपुरातून तुरुंगातूनच उभे राहिले. बेड्या घातलेल्या हाताचे त्यांचे छायाचित्र घेऊन लोक प्रचार करीत होते. तीन लाखांच्यावर मताधिक्याने ते निवडून आले. लाखो लोकांनी ज्याला मत दिले, त्याला स्वतःला एक मत देता येत नव्हते!

कायद्याचा हा विरोध २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या रीतीने सोडवला: ज्याला मत देता येत नाही त्याला उभेही राहता येणार नाही, असा निर्णय जुलैमध्ये झाला. पण दोनच महिन्यांत संसदेने कायदा दुरुस्त करून उभे राहण्याची मुभा परत आणली. मत देण्याची मनाई होती तिथेच राहिली. ही दुरुस्ती सर्व पक्षांना किती तातडीची वाटली हे पाहण्यासारखे आहे. उमेदवाराचा हक्क गेला तेव्हा दोन महिने पुरले. मतदाराच्या हक्काला साठ वर्षे झाली होती.

मनाईच्या बाजूने काही बोलण्यासारखे नाही असे नव्हे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हे कलम आले तेव्हा न्यायालयाने ते वैध ठरवले. मत देण्याचा हक्क कायद्याने दिलेला, तेव्हा कायदा त्याला मर्यादा घालू शकतो. हजारो कैद्यांना केंद्रांवर न्यायचे तर पोलीस कुठून आणायचे. जो आपल्या वागण्याने तुरुंगात गेला त्याने बाहेरच्याइतके स्वातंत्र्य मागू नये. आणि गुन्हेगारी वृत्तीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणे इष्ट, अशी ती कारणे. शेवटच्या कारणाशी कोणाचे भांडण असणार? गुंडांच्या टोळ्यांनी पेट्या पळवलेल्या आपण वाचल्या आहेत. परंतु पोलीस पुरत नाहीत हे कारण मला पटत नाही. स्थानबद्धाची मतपत्रिका टपालाने तुरुंगात येते आणि जाते. तिला पोलीस लागत नाहीत. जी वाट एका कोठडीपर्यंत पोचते ती शेजारच्या कोठडीपर्यंत का पोचू नये? आणि आपल्या वागण्याने तुरुंगात गेला, असे कच्च्या कैद्याबद्दल म्हणणे म्हणजे निकालाच्या आधी निकाल देणे. दक्षिण आफ्रिकेतल्या घटना न्यायालयापुढे १९९९ साली हाच प्रश्न आला. वर्णद्वेषाच्या राज्यात मताला मुकलेल्या त्या देशाने कैद्यांनाही मत देऊ केले, आणि तिथले न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स यांनी मत हे माणूसपणाचे चिन्ह आहे अशा अर्थाचे उद्गार काढले. सॅक्स स्वतः गोऱ्यांच्या राज्यात एकांतवासात राहून आलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या १९५१ च्या परंतुकाची आठवण होते.

गरिबाच्या बाबतीत हे कलम वर्षानुवर्षे गुपचूप चालले. ते बातमीत आले बड्यांच्या निमित्ताने. १७ जुलै २०१७ ला राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत छगन भुजबळ आर्थर रोड तुरुंगातून विधानभवनात येऊन मत देऊन गेले. त्या निवडणुकीचा कायदा वेगळा, १९५२ चा, आणि न्यायालयाने परवानगी दिली. पाच वर्षांनी, जून २०२२ मध्ये, राज्यसभेची निवडणूक चुरशीची झाली, एकेका मताला भाव आला. अनिल देशमुख आणि नवाब मलिक हे दोघे आमदार तेव्हा कोठडीत होते. आरोप सिद्ध झालेला नव्हता. त्यांनी मत देण्यासाठी परवानगी मागितली. विशेष न्यायालयाने ६२ व्या कलमावर बोट ठेवून ती नाकारली, उच्च न्यायालयानेही दिली नाही. दहा दिवसांनी विधान परिषदेच्या वेळी सर्वोच्च न्यायालयानेही तात्पुरता दिलासा दिला नाही. कलमाचा अर्थ मात्र तपासून पाहू असे म्हटले. विधानसभेतला आमदार एकाच सभागृहाच्या इमारतीत राष्ट्रपतीसाठी मत देऊ शकतो आणि राज्यसभेसाठी देऊ शकत नाही, हे कोड्यासारखे वाटेल. पण कोडे कायद्याच्या दोन पुस्तकांतले आहे, माणसात नाही.

आणि बाहेर, अगदी मोकळ्या माणसाचे मत गेल्याचेही एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिले. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांबद्दल भ्रष्ट आचाराचा ठपका न्यायालयात कायम झाल्यावर १९९९ साली बाळासाहेब ठाकरे यांना सहा वर्षांची मतदानबंदी झाली. तुरुंग नाही, कुलूप नाही. तरी मत नाही. तिथे निदान चौकशी झाली होती, पुरावा झाला होता, सर्वोच्च न्यायालयापर्यंत निकाल झाला होता, आणि बंदीला मुदत होती. कच्च्या कैद्याच्या बंदीला यातले काहीच नसते.

शामराव परुळेकरांकडे परत येऊ. १९५२ नंतर ते सुटले, आणि १९५७ मध्ये ठाणे मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. मतदारसंघ दोन जागांचा होता. दुसऱ्या जागेवर लक्ष्मण महादू मातेरा हे आदिवासी उमेदवार निवडून आले. ज्या जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटाने त्यांना आत टाकले होते त्याच जिल्ह्याने त्यांना दिल्लीला धाडले. पुढे भारत-चीन युद्धानंतरच्या वर्षांत कम्युनिस्टांची पुन्हा धरपकड झाली. शामराव पुन्हा स्थानबद्ध झाले, आणि ऑगस्ट १९६५ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातच वारले. त्या दिवशीही, १९५१ च्या परंतुकाप्रमाणे, ते मतदार होते. त्यांच्या बराकीच्या पलीकडचे, खटल्याची तारीख मोजणारे, नव्हते.